खर्जातला शब्द : गीझर बटलर यांची वाटचाल

दलित साहित्याच्या चर्चेत एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. दलित लेखकाने आपले भोगलेले सांगितले, आता पुढे काय? प्रश्न वरवर निरुपद्रवी वाटतो. पण त्याच्या पोटात एक गृहीत दडलेले असते. वस्तीतल्या माणसाकडे सांगण्यासारखे एकच असते, ते म्हणजे त्याचे स्वतःचे दुःख, असे ते गृहीत आहे. युद्ध, अणुबॉम्ब, ईश्वर, यंत्र, सत्ता हे विषय विचारवंतांचे. वस्तीतल्या माणसाने साक्ष द्यावी, निवाडा इतरांनी करावा. हे गृहीत केवळ आपल्याकडचे नाही. ते किती पोकळ आहे हे इंग्लंडच्या कामगारवस्तीतून आलेल्या एका वादकाच्या कारकिर्दीकडे पाहिले तर नीट ध्यानात येते. म्हणून हा लेख.

या वादकाचे नाव टेरेन्स मायकेल जोसेफ बटलर. 'ब्लॅक सॅबथ' या बँडमध्ये त्यांनी बेस गिटार वाजवली आणि त्या बँडच्या पहिल्या दहा वर्षांतल्या बहुतेक गाण्यांचे शब्द लिहिले. जग त्यांना 'गीझर' बटलर म्हणून ओळखते. गीझर म्हटले की आपल्याला न्हाणीघरातले पाणी तापवायचे यंत्र आठवते. लंडनच्या साध्या माणसांच्या बोलीत मात्र त्या शब्दाचा अर्थ 'गडी' किंवा 'असामी' असा होतो. थोरला भाऊ सैन्यात होता. तिथल्या लंडनकर सोबत्यांचा हा शब्द तो घरी घेऊन आला आणि धाकट्या टेरेन्सने तो उचलला. भेटेल त्याला तो 'गीझर' म्हणू लागला. शेवटी शब्द त्यालाच चिकटला.

हेवी मेटल हे संगीत आपल्याकडे आले ते महानगरांतल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांच्या दिवाणखान्यातून. त्यामुळे हे पोट भरलेल्यांच्या पोरांचे संगीत आहे, असा आपल्यापैकी अनेकांचा समज झाला. आपल्या कार्यकर्त्यांनी त्याकडे फारसे पाहिले नाही, आणि पाहिले तेव्हा केसाळ पोरांचा गोंगाट म्हणून सोडून दिले. या संगीताचा जन्मदाखला मात्र वेगळे सांगतो.

१

बटलर यांचा जन्म १७ जुलै १९४९ रोजी बर्मिंगहॅम शहराच्या ॲस्टन भागात झाला. आईवडील डब्लिनकडचे आयरिश कॅथलिक. सात भावंडांत हे शेंडेफळ. बर्मिंगहॅम हे धातुकामाचे, मोटारींचे आणि त्यांच्या सुट्या भागांचे शहर. १९४० आणि १९४१ मध्ये जर्मन विमानांनी या शहरावर बॉम्बचा वर्षाव केला होता. युद्ध संपून वर्षे लोटली तरी पडलेल्या घरांचे ढिगारे जागच्या जागी होते, आणि तीच मुलांची खेळण्याची मैदाने होती. घरे एकाला एक चिकटलेली, संडास परसात. आयरिश माणसाला शहरात काम मिळे, पण मान मिळत नसे. भाड्याच्या खोल्यांवर 'आयरिश नकोत, काळे नकोत' अशा पाट्या असत, हे त्या पिढीच्या माणसांनी सांगून ठेवले आहे. घरात धर्म कडक होता. लहानपणी बटलर यांच्या मनात पाद्री होण्याचा विचार होता.

बँडमधले उरलेले तिघेही याच परिसरातले. गायक ऑझी ऑस्बर्न यांनी पंधराव्या वर्षी शाळा सोडली. कत्तलखान्यात काम केले. कारखान्यात मोटारींचे भोंगे जुळवण्याचे कामही केले. घरफोडीच्या गुन्ह्यात दंड भरता आला नाही म्हणून त्यांनी विन्सन ग्रीन तुरुंगात सहा आठवडे काढले. ड्रमवादक बिल वॉर्ड यांच्या कानावर लहानपणापासून कारखान्यांतल्या घणांचे ठोके पडत होते. गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात होते. बटलर यांनी हिशेबनीस होण्यासाठी उमेदवारी सुरू केली होती. त्या वस्तीच्या मानाने ही 'पांढरपेशी' प्रगतीच म्हणायची. घरातला एक मुलगा यंत्राजवळून उठून टेबलाजवळ गेला, असा तिचा अर्थ. तो अर्थ या नियतकालिकाच्या वाचकांना वेगळा समजावून सांगायला नको.

आयोमी यांची हकीकत येथे सांगितली पाहिजे, कारण तिचा परिणाम बटलर यांच्या वादनावरही झाला. १९६५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, कारखान्यातल्या कामाच्या शेवटच्या दिवशी त्यांचा हात यंत्रात सापडला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. ते डावखुरे. म्हणजे गिटारच्या तारा दाबण्याचा त्यांचा हात उजवा. वादन संपले असे त्यांना वाटले. तेव्हा कारखान्यातल्या मुकादमाने त्यांना जँगो राइनहार्ट यांची एक तबकडी ऐकवली. राइनहार्ट हे रोमा, म्हणजे जिप्सी समाजातले थोर गिटारवादक. आगीत त्यांची दोन बोटे निकामी झाली होती आणि तरीही ते वाजवत राहिले होते. आयोमी यांनी प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर कातडे चिकटवले आणि बारीक तारा लावून वादन पुन्हा सुरू केले. पुढे १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' या तबकडीत त्यांनी काही गाण्यांसाठी तारा तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. ढिल्या तारा दुखऱ्या बोटांना दाबायला सोप्या आणि नादही अधिक जड. बटलर यांनीही आपल्या तारा त्याच सुरात उतरवल्या. कामगाराच्या शरीरावर यंत्राने केलेली जखम अशी एका संगीतप्रकाराच्या नादात उतरली. जगभरच्या शेकडो मेटल बँडांनी पुढे तारा अशाच खाली उतरवल्या.

२

हे सगळे शून्यातून आले नाही. १९६७ मध्ये बटलर आणि ऑस्बर्न 'रेअर ब्रीड' नावाच्या बँडमध्ये होते. १९६८ मध्ये आयोमी आणि वॉर्ड यांच्याशी त्यांची गाठ पडली. सुरुवातीला त्यांनी नाव घेतले 'पोल्का टल्क ब्लूज बँड', मग 'अर्थ', आणि १९६९ मध्ये 'ब्लॅक सॅबथ'. पहिल्या नावातला 'ब्लूज' हा शब्द महत्त्वाचा आहे. ब्लूज हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे संगीत. गुलामगिरीच्या आणि कापसाच्या शेतांच्या अनुभवातून ते निपजले, दक्षिणेतून उत्तरेकडे गेलेल्या काळ्या कामगारांबरोबर शिकागोला पोचले आणि तिथे विजेच्या गिटारवर वाजू लागले. इंग्लंडमधल्या पोरांनी ते तबकड्यांवरून शिकून घेतले. हेवी मेटलचा पाया असा काळ्या श्रमिकांनी घातला आहे. मेटलचा इतिहास सांगताना ही गोष्ट बहुधा दोन ओळींत उरकली जाते. आपण ती उरकता कामा नये.

बटलर मुळात साधी गिटार वाजवीत. नव्या बँडमध्ये दुसरा गिटारवादक नको होता, म्हणून ते बेसकडे वळले. बेस गिटार म्हणजे काय हे येथे थोडक्यात सांगतो. साध्या गिटारला सहा तारा असतात, बेसला बहुधा चार. त्या जाड आणि लांब असतात, आणि गिटारच्या खालच्या चार तारांपेक्षा पुरे एक सप्तक खाली लावलेल्या असतात. नेहमीच्या जुळणीत सर्वांत जाड तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१ असतात. इतका खर्जातला नाद कानापेक्षा छातीला अधिक जाणवतो. लहान रेडिओच्या किंवा फोनच्या कर्ण्यातून तो जवळजवळ नाहीसाच होतो. पण तबल्याच्या जोडीतला डग्गा बाजूला ठेवा आणि नुसता तबला ऐका. बोल तेच राहतात, त्यांखालची जमीन मात्र जाते. बेसचे काम ते आहे. ती ड्रमच्या तालाला आणि गिटारच्या सुरांना एकत्र बांधते. श्रोता गायकाकडे पाहतो, गिटारवादकाकडे पाहतो. बेसवादक बाजूला उभा असतो. आपल्या पोवाड्यातल्या झीलकऱ्याची जी जागा, तीच साधारण त्याची.

बटलर यांनी ही जागा सोडली नाही, पण तिचे काम बदलले. त्या काळी बेसवादकाने गाण्याच्या स्वरमेळाचा मूळ सूर धरून ठेवावा एवढीच अपेक्षा असे. क्रीम या बँडचे जॅक ब्रूस हे तिला अपवाद होते. बेसच्या जाड तारा ओढून सूर वळवता येतात, सतारीवरच्या मींडेसारखे काहीतरी त्यांतून काढता येते, हे बटलर यांनी त्यांच्याकडून घेतले. मेटलमध्ये एक छोटी सुरावट धृपदासारखी पुन्हा पुन्हा येते. तिला 'रिफ' म्हणतात. आयोमी रिफ वाजवीत तेव्हा बटलरही तीच सुरावट एक सप्तक खाली वाजवीत. त्यामुळे एकाच सुराला भिंतीची जाडी येई. आयोमी रिफ सोडून एकट्याचे वादन करू लागले की मागे दुसरी गिटार नसल्याने पोकळी निर्माण होई, आणि ती बटलर भरून काढीत. 'एन. आय. बी.' या गाण्याच्या आधी तर बेस एकटीच बोलते. तेथे त्यांनी वाह-वाह पेडल वापरले आहे. पायाने दाबायचे हे साधन गिटारच्या नादाला उघडझाप करणाऱ्या तोंडासारखे करते. बेसला ते लावण्याची तेव्हा रीत नव्हती.

३

बँडचे नाव एका भयपटावरून घेतले होते. त्याच नावाच्या गाण्याची मुख्य सुरावट तीन सुरांची आहे, आणि तिचा जीव एका अंतरात आहे. युरोपीय संगीतशास्त्रात त्याला 'ट्रायटोन' म्हणतात. जुन्या शास्त्रकारांनी त्याला 'संगीतातला सैतान' असे नाव दिले होते. बटलर यांना गुस्ताव होल्स्ट या इंग्रज रचनाकाराची 'द प्लॅनेट्स' ही रचना आवडे. तिच्यातला मंगळाचा, म्हणजे युद्धदेवतेचा भाग ते बेसवर वाजवून पाहत होते. त्यानंतर आयोमी ही सुरावट घेऊन आले.

आता हे अंतर आपल्या सरगमेत पाहा. ते म्हणजे षड्जापासून तीव्र मध्यमापर्यंतचे अंतर. आपला यमन याच तीव्र मध्यमाने उजळतो. संध्याकाळी यमन ऐकताना कुणाला सैतान दिसत नाही. म्हणजे सैतान सुरात नव्हता, सुराला नाव देणाऱ्यांच्या मनात होता. वस्तू अपवित्र नसते, कुणीतरी अधिकाराच्या जागेवर बसून तिला अपवित्र ठरवतो. हे कळायला आपल्याला होल्स्टची गरज नाही. आपल्या पाणवठ्यांनी ते आपल्याला केव्हाच शिकवले आहे.

ब्लॅक सॅबथची पहिली तबकडी ऑक्टोबर १९६९ मध्ये लंडनला एका दिवसात ध्वनिमुद्रित झाली आणि १३ फेब्रुवारी १९७० रोजी बाजारात आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दुसरी तबकडी आली, 'पॅरानॉइड'. ती ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. या दोन तबकड्यांवरून बँडवर सैतानपूजेचा आरोप झाला. काळे कपडे, क्रूस, भयपटाचे नाव यांतून लोकांनी तो अर्थ काढला. 'एन. आय. बी.' या नावात ख्रिस्तविरोधी गूढ अर्थ शोधला गेला. खरी गोष्ट अशी, की बिल वॉर्ड यांची दाढी टाकाच्या निबेसारखी दिसे आणि मित्र त्यावरून त्यांची थट्टा करीत. गाण्याचे नाव तिथून आले.

बटलर यांना तरुणपणी गूढविद्येचे आकर्षण होते हे खरे. त्यांनी आपली खोली काळी रंगवली होती. पण एका रात्री पलंगाच्या पायथ्याशी काळी आकृती उभी असल्याचा भास झाला आणि ते त्या नादातून बाहेर पडले. बँडचे पहिले गाणे त्या भयातून निघाले आहे. त्यात सैतानाला आवाहन नाही, सैतान पाहून भ्यालेल्या माणसाची हाक आहे. १९७१ च्या 'आफ्टर फॉरेव्हर' या गाण्यात तर ते उघडपणे ख्रिस्ती श्रद्धेची बाजू घेतात. आरोप करणाऱ्यांनी गाणी ऐकली नव्हती. गाणारे कोण आहेत एवढेच त्यांनी पाहिले होते.

४

आता शब्दांकडे येऊ. चौघांत वाचनाचा नाद बटलर यांना होता. ऑस्बर्न यांना वाचन-लेखनात अडचण आणणारा 'डिस्लेक्सिया' होता. ते चाल गुणगुणत, तिला आकार देत, आणि शब्द बहुतेक वेळा बटलर लिहीत. गायकाच्या तोंडी आलेले शब्द गायकाचेच, असे श्रोते समजून चालतात. त्यामुळे कोट्यवधी लोकांनी बटलर यांचे शब्द ऐकले आणि ते ऑझीचे मानले. तबकड्यांवर रचनाकार म्हणून बहुधा चौघांचीही नावे एकत्र छापली जात. या सामायिक श्रेयात एक कामगारी न्याय आहे. पण त्याच पडद्याआड लेखक दिसेनासा झाला, हेही तितकेच खरे.

या लेखकाने लिहिले काय? 'वॉर पिग्ज' हे गाणे घ्या. त्याचे पहिले नाव 'वालपुर्गिस' होते. युरोपीय लोकसमजुतीत ती चेटकिणींच्या मेळाव्याची रात्र. बटलर यांचा मुद्दा असा, की खरे सैतानपूजक म्हणजे युद्धे लावणारे सत्ताधारी. ते सुरक्षित बसतात आणि मरायला गरिबांच्या पोरांना धाडतात. तेव्हा व्हिएतनामचे युद्ध चालू होते. ब्रिटनमधली सक्तीची सैन्यभरती १९६० साली थांबली होती, तरी आपणही त्या युद्धात ओढले जाऊ ही भीती बटलर यांच्या पिढीच्या मनात होती. कंपनीने जुने नाव नाकारले आणि शब्द बदलावे लागले. तबकडीचे नाव 'वॉर पिग्ज' ठेवायचे होते, कंपनीने तेही बदलून 'पॅरानॉइड' केले. मुखपृष्ठ मात्र आधीच तयार होते. म्हणून त्यावर ढाल-तलवार घेतलेला माणूस तसाच राहिला, आणि नावाशी त्याचा काही संबंध उरला नाही. युद्धाचा उच्चार पुसायचा प्रयत्न झाला त्याची ती खूण आहे.

त्याच तबकडीवर 'हँड ऑफ डूम' आहे. व्हिएतनामला धाडलेले अमेरिकन तरुण हेरॉइनच्या आहारी जात होते, त्यांच्याविषयीचे हे गाणे. 'इलेक्ट्रिक फ्युनरल' अणुयुद्धानंतरच्या पृथ्वीचे आहे. 'आयर्न मॅन' मध्ये एक माणूस भविष्यात जाऊन जगाचा विनाश पाहतो, सावध करायला परततो, पण वाटेत त्याचे शरीर पोलादाचे होते. ज्यांना वाचवायला तो आला तेच त्याच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. मग तो सूड घेतो, आणि ज्या विनाशाची त्याला धास्ती होती तो त्याच्याच हातून घडतो. धातूच्या शहरातल्या वीस वर्षांच्या मुलाने हे लिहिले आहे. न ऐकले गेलेले माणूसपण शेवटी काय होऊन बसते, याविषयीचा हा विचार आहे.

आणि 'पॅरानॉइड'? तबकडीत थोडी जागा उरली म्हणून ते गाणे ऐन वेळी घाईघाईने रचले गेले. त्याचे शब्द बटलर यांच्या स्वतःच्या विषण्णतेचे आहेत. त्या काळी कामगारवस्तीत या आजाराला नावच नव्हते. दोन पेले घे, कुत्र्याला घेऊन फिरून ये, असा सल्ला डॉक्टर देत, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. पुरुषाने मनाचा आजार सांगायचा नसतो, आणि गरिबाला मन असते हेच मान्य नसते. ते गाणे जगभर गेले, कारण ज्यांना आपल्या दुखण्याचे नाव ठाऊक नव्हते अशा असंख्य तरुणांना त्यात ते दुखणे ऐकू आले.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. आपल्या वस्तीची करुण कहाणी बटलर यांनी गाण्यात सांगितली नाही. परसातला संडास, आयरिश म्हणून झालेली हेटाळणी, बॉम्बचे ढिगारे हे त्यांच्या गाण्यांचे विषय नाहीत. पण त्या ढिगाऱ्यांवर खेळलेल्या माणसानेच युद्धाकडे अशा नजरेने पाहिले. अनुभव विषय झाला नाही, तो दृष्टी झाला. आत्मचरित्र त्यांनी लिहिले ते २०२३ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. त्याला नाव दिले आपल्याच एका गाण्याचे, 'इन्टू द व्हॉइड'. आधी जगाविषयी बोलून झाले, मग स्वतःविषयी.

प्रस्थापित समीक्षेला हे ऐकू आले नाही. अमेरिकेतल्या 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकात लेस्टर बँग्ज यांनी पहिल्या तबकडीची टर उडवली. ओबडधोबड, एकसुरी, बुद्धिहीन हे शिक्के वर्षानुवर्षे टिकले. याच नियतकालिकाने २०१७ साली सर्वोत्तम शंभर मेटल तबकड्यांची यादी केली आणि तिच्या शिरोभागी 'पॅरानॉइड' ठेवली. मधल्या सत्तेचाळीस वर्षांत तबकडीतला एकही सूर बदललेला नव्हता.

५

पैशाची गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. उमेदवार हिशेबनीस असल्यामुळे सुरुवातीच्या दिवसांत बँडचा जमाखर्च बटलर पाहत. नंतर व्यवस्थापक आले, करार झाले. घर किंवा गाडी मागितली की मिळे, हिशेब मात्र मिळत नसे. १९७५ ची 'सॅबोटाज' ही तबकडी कोर्टकज्जे चालू असताना झाली. हिशेब शिकलेला माणूस घरात असूनही हे घडले. कारण हिशेब येणे वेगळे आणि करार वाचण्याची सत्ता हातात असणे वेगळे. आपल्या गायक-शाहिरांच्या ध्वनिफितींचे काय झाले हे आठवले, तर ही गोष्ट परकी वाटणार नाही.

पुढची कारकीर्द चढउतारांची आहे. मद्य आणि अमली पदार्थांनी बँड पोखरला. १९७९ मध्ये ऑस्बर्न यांना काढण्यात आले. रॉनी जेम्स डिओ हे गायक आले. 'हेवन अँड हेल' (१९८०) आणि 'मॉब रूल्स' (१९८१) या तबकड्या झाल्या. डिओ आपले शब्द आपण लिहीत. बटलर यांची लेखणी बाजूला पडली, उरली ती बेस. ते १९८४ मध्ये बाहेर पडले, ऑस्बर्न यांच्या बँडबरोबर १९८८ मध्ये दौऱ्यावर गेले, परतून 'डीह्यूमनायझर' (१९९२) आणि 'क्रॉस पर्पजेस' (१९९४) यांत वाजवले आणि पुन्हा बाहेर पडले. १९९५ मध्ये त्यांनी स्वतःच्या बँडची 'प्लॅस्टिक प्लॅनेट' ही तबकडी काढली आणि पुन्हा शब्द लिहिले. १९९७ मध्ये मूळचे चौघे बर्मिंगहॅमला एकत्र आले. २००६ पासून बटलर डिओ यांच्याबरोबर 'हेवन अँड हेल' या नावाने वाजवू लागले. २०१० मध्ये डिओ गेले. २०१३ च्या '१३' या तबकडीत बटलर यांचे शब्द आणि ऑस्बर्न यांचा आवाज पुन्हा जुळले. 'पॅरानॉइड' नंतर त्रेचाळीस वर्षांनी बँड ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर आला. 'गॉड इज डेड?' या गाण्याला २०१४ मध्ये ग्रॅमी पारितोषिक मिळाले. वॉर्ड मात्र कराराच्या वादामुळे त्या तबकडीत नव्हते. चौघांच्या समतेत ही चीर पडली ती बुजली नाही.

जून २०२५ मध्ये बर्मिंगहॅम शहराने चौघांना मानाचे नागरिकत्व दिले. ५ जुलै २०२५ रोजी ॲस्टनमधल्याच व्हिला पार्क या फुटबॉल मैदानावर ते चौघे शेवटचे एकत्र वाजले. आजारी ऑस्बर्न आसनावर बसून गायले. २२ जुलैला त्यांचे निधन झाले.

६

या माणसाला आपण क्रांतिकारक ठरवू नये. ते संघटनेचे कार्यकर्ते नव्हते. पैसा आला, वस्ती सुटली, नशा आली. त्यांच्या गाण्यांत स्त्री अभावानेच माणूस म्हणून येते. आणखी एक उणीव आपल्या नजरेतून सुटू नये. बर्मिंगहॅमला लागून असलेल्या स्मेदिकमध्ये १९६४ ची निवडणूक वर्णद्वेषावर लढवली गेली. १९६५ मध्ये माल्कम एक्स तिथे आले होते. २० एप्रिल १९६८ रोजी, बँड जमला त्याच वर्षी, इनॉक पॉवेल यांनी स्थलांतरितांविरुद्धचे कुप्रसिद्ध भाषण बर्मिंगहॅममध्येच केले. त्या पट्ट्यातल्या फाउंड्र्यांत पंजाबातून गेलेले कामगार राबत होते. त्यांत रविदासिया समाजाचे आपले बांधवही होते. त्यांच्याबरोबर जातही समुद्र ओलांडून गेली होती. व्हिएतनाम बटलर यांच्या गाण्यांत आला, शेजारची गल्ली ठळकपणे आली नाही. आयोमी यांनी १९८७ मध्ये ब्लॅक सॅबथच्या नावाने वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेतल्या सन सिटीत कार्यक्रम केले, हेही नोंदवले पाहिजे. तेव्हा बटलर बँडमध्ये नव्हते.

तसेच वर्ग आणि जात यांची बरोबरी करता येत नाही. इंग्रज माणूस उच्चारावरून वर्ग ओळखतो, बर्मिंगहॅमच्या बोलीला हसतो. पण ॲस्टनचा मुलगा पैसा झाल्यावर दुसऱ्या गावी घर घेऊ शकतो. तिथे कुणी त्याचे आडनाव विचारून ओंजळीत वरून पाणी ओतत नाही. आपल्याकडे पदवी आली, नोकरी आली, तरी आडनाव पुढे चालते आणि माणूस मागे राहतो. म्हणून त्यांची वाट ती आपली वाट नाही.

तरीही एक गोष्ट घेण्यासारखी उरते. रंगमंचाच्या कडेला उभ्या असलेल्या, सर्वांत खालचा सूर वाजवणाऱ्या माणसाने युद्धाचा, अणुबॉम्बचा, ईश्वराचा आणि मनाच्या आजाराचा विचार केला, आणि त्यासाठी कुणाची परवानगी मागितली नाही. भोगलेले सांगण्याचा हक्क आपल्या आधीच्या पिढीने झगडून मिळवला. तो कमी मोलाचा नाही. पण आमच्याकडून फक्त तेवढेच घ्यायचे आणि जगाचा अर्थ लावण्याचे काम स्वतःकडे ठेवायचे, ही नवी अस्पृश्यताच होय. आपण शिक्षकही कधी नकळत तिचे वाहक होतो. वर्गातला एखादा मुलगा चंद्रावर, अणुभट्टीवर किंवा ईश्वर नसण्यावर कविता लिहून आणतो आणि आपण मायेने म्हणतो, हे राहू दे, तू तुझ्या वस्तीवर लिही. असे म्हणण्याआधी त्याची कविता पुरती वाचली पाहिजे. त्याची वस्ती त्या कवितेत आधीच आलेली असण्याचा संभव फार मोठा आहे.